सुलभा बरोबर होती का?

मैत्रिणींनो, तुम्हांला अशी एखादी मैत्रीण आहे का, की जिच्याशी तुम्ही मोलकरीण, गुडघे आणि मुलांची लग्नं हे तीन विषय सोडून चौथं काही बोलता? असेल तर तिला जपा बाई. मला एक आहे. गेली चाळीस वर्षं आहे. आणि गेल्या वर्षी मी तिला जवळजवळ घालवून बसले होते, तेही एका सिनेमापायी! म्हणजे सिनेमा नुसतं निमित्त. पण सगळं पहिल्यापासून सांगते.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. "मला छापू नकोस गं," असं तिनं बजावलंय. शाळेत सगळ्या तिला 'खडू' म्हणायच्या. फळ्यावरचा रोजचा सुविचार तिनंच लिहायचा आणि त्याच्या कडेनं वेलबुट्टी काढायची, असा कोल्हापूरच्या आमच्या शाळेत अलिखित नियम होता. दप्तरात, खिशात, रुमालाच्या गाठीत, जिथं बघावं तिथं खडू. तर आपणही तिला खडूच म्हणू.

खडूनं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा 'ए' ग्रेडमध्ये पास केल्या. मुंबईला जे. जे.मध्ये जायचं होतं. घरचे म्हणाले, मुंबई नको. मग बारावीनंतर कोल्हापुरातच दोन वर्षांचा आर्ट टीचर डिप्लोमा केला. त्याचा निकाल लागला आणि वर्षभरात लग्न झालं. डिप्लोम्याचं सर्टिफिकेट लग्नातल्या शालूबरोबर ट्रंकेत गेलं. शालू तरी नंतर तीन-चार वेळा बाहेर निघाला.

आता हे वाचून 'अरेरे' म्हणू नका. तिचा संसार चांगला झाला. नवरा सज्जन, बँकेत नोकरी, एक मुलगा, तो आता पुण्यात. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या रांगोळ्या सगळ्या पेठेत तिच्याच. चैत्रातल्या गौरीपुढचं चैत्रांगण तर असं काढायची, की बायका बोरन्हाण-डोहाळजेवणाची आमंत्रणं तिच्या सवडीनं ठरवायच्या. पण ती स्वतः काय म्हणायची ठाऊक आहे? "रांगोळी दुसऱ्या दिवशी केरसुणीनं झाडायचीच असते. म्हणून तर ती आपल्याला काढू देतात."

मी लग्न होऊन सांगलीला आले. सांगली-कोल्हापूर एसटीनं तास-दीड तासाचं अंतर, पण संसारी बायकांना तेही सातासमुद्रापलीकडचं. मग आम्ही दर गुरुवारी दुपारी फोन करायला लागलो. आधी दहा मिनिटं, कारण बिलाची भीती. मोबाईल आल्यावर तासभर. बोलायचो काय, तर बहुतेक वेळा सिनेमाबद्दल. तुम्ही म्हणाल, कोल्हापूरच्या बायका, सिनेमाबद्दलच बोलणार! खरंच आहे ते. आमच्या गावात चित्रकला आणि सिनेमा ही दोन वेगळी घराणी नाहीतच. बाबूराव पेंटरांच्या नावातच पेंटर! पडदे रंगवणाऱ्या, मूर्ती घडवणाऱ्या या माणसानं १९२० साली 'सैरंध्री' काढला आणि त्यांच्याच कंपनीत शिकून बाहेर पडलेल्या दामले, फत्तेलाल, शांतारामांनी १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' उभी केली. पुढं १९३३ साली ती पुण्याला गेली, हे कोल्हापूरकरांनी अजून मनावर घेतलेलं आहे. खडूचे आजोबा तर 'प्रभात' असं न म्हणता 'आमची प्रभात' म्हणायचे, जसं काही लेक सासरी गेलीय.

त्या 'प्रभात'चा 'संत तुकाराम' (१९३६) आम्ही किती वेळा पाहिला असेल! लहानपणी आम्हांला त्यातली तुकारामांची बायको, जिजाई, फार विनोदी वाटायची. गौरी नावाच्या नटीनं ते काम केलं आहे. कजाग, तोंडाळ, सतत करवादणारी. आम्ही हसून लोळायचो. चाळिशी उलटल्यावर एका गुरुवारी खडू म्हणाली, "काल टीव्हीवर पुन्हा लागला होता. अगं, मला एकदासुद्धा हसू आलं नाही. घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि हे वाटेत भेटेल त्याला वाटत येणार! ती बाई ओरडते ते बरोबरच आहे की." मी म्हटलं, "पण ती तुकारामांवर जीव टाकते गं." तर म्हणाली, "टाकते म्हणूनच ओरडते. वैकुंठाचं विमान दाराशी आलं तरी ती जात नाही. पोरांना वाढायचं कुणी?" मी फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली, पण मन तिथंच घोटाळत राहिलं. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या चित्रपटात देव कुणाला भेटला हे दाखवलंय तसंच चूल कुणी पेटती ठेवली हेही दाखवलंय, आणि ते दिसायला आम्हांला पंचवीस-तीस वर्षं लागली.

असं आमचं चालायचं. 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) पाहून आमचं चांगलंच वाजलं होतं. मला तो फार आवडला. लाडू करून विकणारी ती पुण्याची शशी गोडबोले, श्रीदेवीनं काय सुरेख केली आहे! खडूचं मत वेगळं. "नवऱ्याला फार स्वस्तात सोडला," ती म्हणाली. "भर लग्नात तिनं इंग्रजीतून भाषण ठोकलं, त्याचे डोळे पाणावले, झालं! घरी आल्यावर त्यानं एक तरी लाडू वळला का, ते दाखवायला नको?"

आता चित्राची गोष्ट सांगते, ती यायलाच हवी.

२०१४ साली आम्ही दोघींनी नवऱ्यांना आणि मुलांना घेऊन म्हैसूर-उटीची ट्रिप केली. म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमधल्या चित्रसंग्रहात एक अंधारी खोली होती. तिथं एकच चित्र, भोवती गर्दी. एक तरुण बाई हातात दिवा घेऊन उभी आहे, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला धरलाय, आणि ज्योतीचा उजेड बोटांमधून लालसर होऊन तिच्या तोंडावर पडलाय. तुम्ही कॅलेंडरवर, बिस्किटाच्या डब्यावर कुठंतरी नक्की पाहिलं असेल. 'ग्लो ऑफ होप' त्याचं नाव. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. तसं नाही. ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. जन्म १८८२, मृत्यू १९६८. आणि चित्रात उभी आहे ती कुणी राणी-बिणी नव्हे, ती त्यांची स्वतःची मुलगी, गीता.

आमची मंडळी दोन मिनिटांत बाहेर. त्यांना राजवाड्याची रोषणाई गाठायची होती. खडू तिथून हलेना. मी म्हटलं, "चल की गं." तर ती हळूच म्हणाली, "हे तैलचित्र नाही, ठाऊक आहे? जलरंग आहेत."

मला त्यातलं काय कळतंय! मग तिनं सांगितलं. तैलरंगात चूक झाली तर वर दुसरा थर देता येतो. जलरंगात तशी सोय नाही. एकदा कागदानं रंग प्याला की प्याला. आणि त्यात उजेड रंगवायचा नसतो. उजेडाच्या जागी कागद मोकळा सोडायचा, किंवा अगदी पाण्यासारखा फिकट हात फिरवायचा, आणि भोवतीचा अंधार हळूहळू, थरावर थर देत आणायचा. कुठं हात लावायचा नाही हे आधी ठरवावं लागतं, मगच ब्रश बुडवायचा. "एवढा मोठा कागद," ती म्हणाली, "आणि एवढा अंधार. माझ्यानं कोपराएवढा जमला नव्हता कधी." मग बराच वेळ गप्प बसून एकदम म्हणाली, "तिचा हात दुखला असेल का गं? दिवा धरून?"

बाहेरून हाका यायला लागल्या, तेव्हा आम्ही निघालो.

पुढं आम्हांला कळलं की ती चित्रातली मुलगी, गीता उपळेकर, लग्न होऊन आमच्या कोल्हापुरातच राहत होती! आम्ही ज्या रस्त्यांनी शाळेत गेलो, भाजी आणली, त्याच गावात. २०१८ साली वयाच्या १०२व्या वर्षी त्या गेल्या. बातमी आली त्या दिवशी गुरुवार नसताना खडूचा फोन आला. "बघ," ती म्हणाली, "कागदावर तीस वर्षांची, आणि इथं शंभरी पार. सत्तर वर्षं ती दुसरी बाई तशीच दिवा धरून उभी. आपल्याला एक कप चहा गाळून पाच मिनिटं उभं राहवत नाही." मी हसले. ती हसली नाही.

२०२३च्या जूनअखेर 'बाईपण भारी देवा' लागला. तुम्हीही गेला असाल, भिशी मंडळातून नाहीतर महिला मंडळातून. आम्ही कोल्हापूरला अठरा जणी गेलो, नऊवारी, नथी, गॉगल, सगळं यथासांग. सहा बहिणी आणि त्यांची मंगळागौर. थिएटरात रडारड, हशा, शेवटी खुर्च्यांमधून फुगड्या! बाहेर येऊन आम्ही दोघी रंकाळ्यावर भडंग घेऊन बसलो. मी म्हटलं, "काय मजा आली ना!" ती म्हणाली, "आली की. पण बघ, साडेसहा वाजले आणि अठरापैकी सोळा जणी पळाल्या, कुकर लावायचा म्हणून." मी म्हटलं, "तुझं म्हणजे नेहमीचंच. जरा आनंद घेऊ दे की." तर म्हणाली, "घेतला ना. नथ टोचत होती तरी घेतला."

त्या दिवशी आम्ही पाळी जाण्याबद्दल पहिल्यांदा मोकळेपणी बोललो. चाळीस वर्षांची मैत्री, आणि हा विषय कधी निघाला नव्हता! तिला दोन वर्षं अंगातून वाफा निघत होत्या, रात्री उठून पंख्याखाली बसायची. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. (जाता जाता एक सांगून ठेवते, कारण आपण बायका हे डॉक्टरीणबाईंनासुद्धा विचारत नाही: सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आणि त्यानंतर पुन्हा नुसता डाग जरी दिसला, तरी 'उष्णता असेल' म्हणून सब्जा भिजवत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. बहुतेक वेळा साधंच काही निघतं, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.)

तर आता 'उंबरठा'.

डॉ. जब्बार पटेलांचा हा चित्रपट १९८२चा. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून घेतलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. आम्ही तो १९९० साली पाहिला, अठराव्या वर्षी, खडूच्या माहेरी, भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. एका रात्रीत तीन कॅसेट बघून पैसे वसूल करायची पद्धत होती. दोन मारामाऱ्यांचे पिक्चर पोरांसाठी आणि तिसरा हा, पहाटे दोनला, जेव्हा पोरं सतरंजीवर आडवी झाली होती.

गोष्ट तुम्हांला आठवत असेल. सुलभा महाजन, म्हणजे स्मिता पाटील. सुखवस्तू घर, वकील नवरा (गिरीश कर्नाड), सासू स्वतः समाजकार्यकर्ती. घरात काही कमी नाही, पण हिला काम करायचं आहे. लहान मुलीला जावेच्या हवाली करून ती दूर संगमवाडीला महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. तिथला घाणेरडा कारभार तिला सोसत नाही, राजीनामा देऊन परत येते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली. आणि ती पुन्हा घराबाहेर पडते. शेवटी आगगाडीत एकटी.

पहाटे साडेचारला आम्ही जोत्यावर बसून भांडलो होतो. मी म्हणत होते, "बरोबर केलं तिनं! शंभर टक्के बरोबर!" आणि खडू डोळे पुसत म्हणत होती, "पोर एवढीशी होती गं. आईला सोडून काकूला बिलगायला लागली, बघवत नव्हतं मला." आतून तिच्या आईचा आवाज आला, "नोकरीच करायची तर गावात काय नोकऱ्या कमी पडल्या होत्या? झोपा आता." स्मिता पाटीलला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. एकतीस वर्षांची गेली ती. आम्हांला ते वय पुष्कळ वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर खडू दोन दिवस माझ्याकडे राहायला आली. आमचे हे गावाला गेले होते. लेकीनं टीव्हीवर यू-ट्यूब की काय लावून दिलं होतं, त्यावर 'उंबरठा' सापडला. आम्ही रात्री चकल्यांचा उरलेला चुरा घेऊन बसलो. आणि पहिल्या दहा मिनिटांत माझ्या मनात आलं ते हे, की ही किती लहान मुलगी आहे! अठराव्या वर्षी मला ती मोठी, भारदस्त बाई वाटली होती. आता माझी लेक सत्तावीस वर्षांची आहे. पडद्यावरची सुलभा मला तिच्याच वयाची दिसत होती. वाटलं, अगं पोरी, जेवलीस का नीट, इतक्या लांब एकटी चाललीस ती. आणि मग मला राग यायला लागला. त्या लहानग्या मुलीसाठी जीव तुटायला लागला.

चित्रपट संपला. मी म्हटलं, "काही म्हण, मुलीला तसं सोडून जायला नको होतं."

खडू म्हणाली, "मला आज ती अगदी बरोबर वाटली."

दोघी एकमेकींकडे बघून हसलो. चौतीस वर्षांत पंचाईतच उलटली होती! मी चहा टाकायला उठले, तशी ती माझ्यामागं स्वयंपाकघरात आली आणि पर्समधून एक कागद काढून ओट्यावर ठेवला. आजऱ्याच्या बाजूच्या एका निवासी शाळेचं पत्र होतं. चित्रकलेच्या शिक्षिका हव्यात. सोमवार ते गुरुवार तिथं राहायचं, शुक्रवारी घरी. मानधन बारा हजार. तिनं ट्रंकेतलं सर्टिफिकेट काढून, फोटो काढून, मुलाकडून अर्ज पाठवला होता. मुलगा सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि मैत्रिणींनो, मी काय बोलले? "आता या वयात?"

नुसतं एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी पुढं म्हणाले, "आणि सासूबाईंचं काय?"

तिच्या सासूबाई चौऱ्यांशी वर्षांच्या. तीन वर्षांपासून विसरायला लागल्यात. गॅस चालू ठेवतात, मध्यरात्री 'पाणी आलंय, उठा' म्हणून सगळ्यांना जागं करतात. खडूशिवाय कुणाच्या हातची आंघोळ घालून घेत नाहीत. मी हे सगळं तिला ऐकवलं, तिच्याच घरातलं तिलाच! तिनं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "सुलभाची सासू धडधाकट होती, एवढाच फरक, नाही का?" सकाळी पहिल्या गाडीनं ती गेली. पुढचा गुरुवार आला, फोन नाही. त्याच्या पुढचाही नाही. मीही केला नाही. चूक माझी होती आणि फुगूनही मीच बसले होते.

तीन आठवडे मी स्वतःला पटवत राहिले की मी व्यवहाराचं बोलले. मग एका दुपारी गव्हाला ऊन दाखवत गच्चीवर बसले होते. गुरुवारच होता. पाखडता पाखडता माझ्या लक्षात आलं, की मला तिच्या सासूबाईंची काळजी नव्हतीच. त्या बाईंशी माझं जन्मात चार वाक्यांपलीकडं बोलणं नाही. मला माझी काळजी होती. ती सोमवार ते गुरुवार डोंगरात जाणार, पोरांच्यात रमणार, आणि मी इथं चार वाजता फोनकडं बघत बसणार. आणि त्याहून खोल एक गोष्ट होती, ती लिहायला जीवावर येतंय, पण लिहिते. तिच्या ट्रंकेत निदान सर्टिफिकेट होतं. माझ्या ट्रंकेत नुसताच शालू. अठराव्या वर्षी सुलभाची बाजू घेऊन तावातावानं भांडणारी मी, मी कुठं अर्जसुद्धा केला नव्हता कधी.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरची एसटी धरली. २०२३च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्याचा मला तरी फार उपयोग होतो. रुसवे काढायला जाणं परवडतं.

खडू सोप्यात हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती. मी समोर बसले आणि एक जुडी ओढून घेतली. पहिली पाच-सात मिनिटं नुसती पानं खुडली. मग मी म्हटलं, "मी तुझ्या सासूबाईंचं नाव सांगून माझं भांडण भांडले गं." ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. कळायला तुला तीन आठवडे लागले." एवढ्यावर ते मिटलं.

पण खरं अवघड पुढंच होतं, कारण माझं मन वळल्यानं त्यांच्या घरातली आंघोळ काही होणार नव्हती. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दिवसभरासाठी अनुभवी बाई ठेवायची तर तिथं दहा हजार मागत होते. बारातून दहा गेले. "म्हणजे महिना दोन हजार माझे," खडू म्हणाली, "आणि तेही एसटीचं अर्धं तिकीट आहे म्हणून." मी विचारलं, "भावजी काय म्हणतात?" ती म्हणाली, "'तू ठरव' म्हणतात."

तुमच्याकडेही म्हणत असतील, 'तू ठरव'. ऐकायला किती उदार वाटतं! पण त्याचा अर्थ असा, की ठरव तू, निस्तर तू, आणि काही बिघडलं तर ठरवलं होतंस तू. भावजी वाईट नाहीत हो. आईवर त्यांचा जीव आहे, शेजारी बसून तासन् तास जुन्या गोष्टी ऐकतात. पण निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, त्या आईला भात मऊ करून भरवायचा, हे त्यांना आपलं काम वाटलेलं नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं म्हणा. खडूनंही नाही. तीही म्हणायची, "त्यांना नाही जमायचं." हे आपण बायका फार पटकन ठरवून टाकतो.

त्या संध्याकाळी तिनं त्यांना बाहेर बोलावलं. मला म्हणाली, "तू बस, उठू नकोस." आणि शांतपणे म्हणाली, "मी जून ते एप्रिल एक वर्ष करून बघणार आहे. आंघोळीला बाई येईल. जेवण आणि रात्र तुमच्याकडं. मी 'जाऊ का' असं विचारत नाहीये. तुम्हांला शिकवायला माझ्याकडं चार महिने आहेत." भावजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "भाकरी नाही जमणार मला." ती म्हणाली, "भात लावा."

सासूबाई पलंगावरून सगळं ऐकत होत्या. त्यांना काय कळलं, देव जाणे. पण जेवताना एकदम सुनेला म्हणाल्या, "शाळेत जाणार तर साडी नेसून जा. तो झब्बा-सलवार नको." आम्ही तिघं बघतच राहिलो. लगेच पुढं त्यांनी तिला स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारून पाणी मागितलं.

ते चार महिने सोपे गेले नाहीत. सासूबाईंनी आलेल्या बाईच्या अंगावर तांब्या फेकला. दोन बायका सोडून गेल्या, तिसरी टिकली, कारण ती त्यांना ओव्या म्हणून दाखवते. मे महिन्यात खडूचं मन एकदा पुरतं डगमगलं. म्हणाली, "मी तिकडं असताना त्यांना काही झालं तर?" याला मी काय उत्तर देणार? मी म्हटलं, "झालं तर होईल. तू इथं असतानाही होऊ शकतं." बोलले खरं, पण ते मला स्वतःला पटलं होतं असं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. आणि 'उंबरठ्या'तल्या त्या लहान मुलीबद्दलचं माझं मतही मी बदललेलं नाही, हे खडूला सांगून टाकलंय.

जूनच्या मध्याला ती गेली. सामानात दोन साड्या जास्त, कॅम्लिनच्या रंगांचा डबा, आणि वहीच्या पुठ्ठ्यात जपून ठेवलेलं म्हैसूरला घेतलेलं ते चित्राचं कार्ड. पहिल्याच आठवड्यात कळवलं, की पोरांना उजेडाचा रंग कुठला ते विचारलं, तर चाळीसच्या चाळीस जणांनी पिवळा सांगितला. आता दिवाळीपर्यंत त्यांना कागद कोरा सोडायला शिकवायचं, असा तिचा बेत आहे. पाऊस इतका, की चित्रं वाळत नाहीत.

पहिल्या गुरुवारी चार वाजता माझा फोन वाजला. मी धावत गेले. खडूचा नव्हता. भावजींचा होता. आवाज दबका, पाठीमागं सासूबाईंचं 'पाणी आलं, पाणी आलं' चालू.

"वहिनी, एक विचारायचं होतं. तुरीच्या डाळीला शिट्ट्या किती?"

मी म्हटलं, "चार. आणि हळद-हिंग आधीच घाला."

"बरं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तिला सांगू नका, मी विचारलं म्हणून."